बोंगो आधी कोणी पाहिला

अन्याय झाला तो मध्य आफ्रिकेतल्या एका जंगलात काम करणाऱ्या वाटाड्यावर. कधी, तेही सांगते: एका शनिवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये, तेविसाव्या स्लाइडवर. पडद्यावर एका पट्टेदार जनावराची मागची बाजू होती. खाली लिहिलं होतं, 'बोंगो. प्रथम दर्शन:' आणि पुढे माझ्या अब्बांचं नाव. सभासद क्रमांकासकट.

टाळ्या पडल्या. अब्बा उठले, छातीवर हात ठेवून वाकले आणि बसले. हातात समोसा होता. टाळ्या संपेपर्यंत त्यांनी तो खाल्ला नाही, एवढाच काय तो विनय.

बोंगो अब्बांनी आधी पाहिला नव्हता. तेव्हा जंगलात मी त्यांच्या डावीकडे दोन हातांवरच बसले होते. आता तुम्ही म्हणाल, एक जनावर कोणी आधी पाहिलं यावरून एवढं काय चिडायचं? हॉलमध्ये मला तिघांनी हेच विचारलं. चौथ्याने विचारायच्या आत लिहून टाकते.

आमचं मंडळ म्हणजे दुबई-शारजातल्या मराठी माणसांचा निसर्ग बघणारा ग्रुप. सुट्टीच्या सकाळी गाड्या काढायच्या, उम्म अल कुवैनच्या खाडीवर जायचं, तिवरांच्या कडेला उभं राहून फ्लेमिंगो मोजायचे आणि मग कोणाच्या तरी डिकीवर डबे उघडायचे: एकीकडे साबुदाण्याचे वडे, दुसरीकडे अम्मीचे खिमा समोसे. पोरं इंग्रजीत कंटाळतात, मोठे मराठीत भांडतात. अध्यक्षकाका एका मोठ्या कंपनीत एच.आर.चं काम बघतात. त्यांनी मंडळाला शिस्त लावली, आणि शिस्त म्हणजे एक्सेल. जे दिसेल ते शीटमध्ये जातं: जागा, वेळ, प्राणी, संख्या, आणि शेवटी 'प्रथम दर्शन' नावाचा रकाना. त्या रकान्यात काही टाइप करता येत नाही. बाण दाबला की सभासदांची यादी उघडते, त्यातलं एक नाव निवडायचं, खलास. एकदा खाडीवर पार्किंगच्या वॉचमनने आम्हाला घुबड दाखवलं होतं. शीटमध्ये ते एका काकूंच्या नावावर लागलं. तेव्हा मी हसले होते. हे कबूल करते आणि पुढे जाते.

अब्बांचं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. मूळ रत्नागिरीकडचे, समुद्रकाठचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी त्यांना मंडळात ओढलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "फ्लेमिंगो बघायला पाच वाजता उठायचं? ते काय शटर उघडून बसलेत?" तिसऱ्या वेळी ते माझ्याआधी तयार होते. गाडीचं बॉनेट न उघडता, नुसतं ऐकून कुठला बेअरिंग गेलाय हे सांगणारा माणूस. खाडीवरही त्यांनी कान लावला आणि आठवडाभरात आवाजावरून खंड्या ओळखायला लागले.

मग अध्यक्षकाकांनी आफ्रिकेची टूम काढली. दर वर्षी सगळे सफारीला जातात, गवतात सिंह बघतात, जीपमध्ये सँडविच खातात. आपण वेगळं करायचं: मध्य आफ्रिकेतलं दाट पावसाचं जंगल, जिथे रस्ता संपल्यावर होडी आणि होडी संपल्यावर पाय. अब्बांनी खर्च दिरहममध्ये ऐकला, मोठ्याने त्याचे रुपये केले, आणि पाणी मागितलं. अम्मी म्हणाली, "मला डास चावून घ्यायला विमानाचं तिकीट नको." पण अब्बांची बॅग तिनेच भरली. सुकटीची चटणी दिली, दोन डबे. आणि नव्या खाकी जॅकेटला बखूर दिला.

बखूर म्हणजे निखाऱ्यावर टाकायचे सुगंधी लाकडाचे तुकडे. इथे आखातात कोणी बाहेर पडायचं म्हटलं की कपडे त्या धुरावर धरतात, आणि आमच्या घरातही ती सवय पक्की बसली आहे. अम्मीने ते जॅकेट तीन वेळा धुरावर धरलं, कारण परदेशात माणूस कसा दिसतो यापेक्षा त्याला वास कसा येतो हे महत्त्वाचं, असं तिचं मत आहे.

विमान, मग छोटं विमान, मग एक अख्खा दिवस लाल मातीच्या रस्त्यावर गाडी, मग लाकडाची लांब होडी. तळावर पोचलो तेव्हा अकरा जणांपैकी अकरांच्या पाठी गेल्या होत्या. तिथे आम्हाला आमचा वाटाड्या भेटला. उंचीने अब्बांच्या खांद्याइतका, वयाने त्यांच्याहून थोडा लहान, पायात प्लास्टिकच्या चपला. त्याने प्रत्येकाशी हात मिळवला आणि प्रत्येकाला आपलं नाव सांगितलं. मला शाळेत मराठी नव्हती, फ्रेंच होती, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. त्याची भाषा वेगळी, फ्रेंच मोडकी, माझीही मोडकी, त्यामुळे आमचं छान जमलं. बाकी सगळे तळावरच्यांसारखं त्याला 'शेफ' म्हणायला लागले. फ्रेंचमध्ये शेफ म्हणजे साहेब, दादा, बॉस, काहीही. आमच्याकडे सगळ्यांना हबीबी म्हणतात तसं.

त्या जंगलाच्या मध्यभागी एक मोकळी दलदल आहे. हत्ती तिथे मातीतलं मीठ खायला येतात. तिथले लोक अशा जागेला 'बाई' म्हणतात. अध्यक्षकाकांनी होडीत बसण्यापूर्वी ग्रुपवर टाकलं, 'उद्या पहाटे सर्व पुरुष सभासद बाईकडे रवाना, महिला नाश्त्यानंतर.' त्यानंतर दोन दिवस नेटवर्क नव्हतं. परत आलं तेव्हा अब्बांच्या फोनवर अम्मीचे एकोणतीस मिस्ड कॉल होते.

बाईच्या कडेला लाकडी मचाण आहे. तिथे जायला गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. पुढे वाटाड्या, मागे आम्ही; दुभाषी म्हणून मीही पहाटेच्या तुकडीत होते. तो चालताना जिभेने टक् टक् असा आवाज काढत होता. का, असं विचारलं. म्हणाला, "गोरिला जवळ असेल तर त्याला कळावं, आम्ही चोर नाही, पाहुणे आहोत." अब्बांना हे इतकं आवडलं की तेही टक् टक् करायला लागले. अजून करतात. दुकानात शिरताना.

मचाणावर चढलो आणि समोर बघितलं. हत्तीच हत्ती. लहान चणीचे, सरळ सुळ्यांचे, काही राखाडी, काही चिखलाने पिवळे. सोंड पाण्यात खुपसून तळाशी फुंकर मारत होते, त्याने पाण्याला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे येत होते. एक पिल्लू आईच्या पोटाखालून पोपटांच्या थव्यावर धावून जात होतं, थवा उडाला की स्वतःच दचकत होतं.

अध्यक्षकाकांनी ट्रायपॉड उभा केला. अब्बा कठड्याजवळ गेले आणि फोटोत आपण नीट दिसावं म्हणून जॅकेटची चेन उघडून दोन्ही हात पसरून उभे राहिले. मागून वारा आला.

समोरच्या हत्तिणीने सोंड वर केली. मग दुसरीने. मग एकेक करत सगळ्यांच्या सोंडा आमच्याकडे वळल्या, जणू कोणी हजेरी घेतंय. आणि मग सगळे निघाले. पळाले नाहीत. लग्नात जेवण संपलंय कळल्यावर माणसं जशी शांतपणे उठतात, तसे उठून गेले. दोन मिनिटांत समोर फक्त चिखल आणि एक बगळा.

वाटाड्याने वळून आमच्याकडे बघितलं. एकेकाच्या जवळ येऊन वास घेतला. अब्बांपाशी थांबला. जॅकेटचं टोक नाकाशी धरलं आणि असा हसला, असा हसला, की मचाणाची फळी हलली.

"काय म्हणतो?" अब्बांनी विचारलं.

"म्हणतो, हत्तींना वाटलं जंगलाला आग लागली. पण चांगल्या लाकडाची."

"त्याला सांग, अस्सल आहे. दुबईचं."

"अब्बा, तो कौतुक करत नाहीये."

वाटाड्याने जॅकेट काढून घेतलं, ओढ्यात बुचकळून चिखलाने चोळलं आणि तळावर चुलीच्या वर टांगलं. अब्बांना स्वतःचा जादाचा शर्ट दिला. खाकी, पोटावर दोन बटणं न लागणारा. आता इथे अब्बांची एक सवय सांगायला हवी. दुकानात कोणाचा पार्ट ठेवून घेतला की ते त्यावर मास्किंग टेपची पट्टी लावतात आणि त्या माणसालाच त्यावर नाव लिहायला लावतात. 'दुसऱ्याची वस्तू नावाशिवाय ठेवायची नाही' हा त्यांचा नियम. टेप त्यांच्या खिशात कायम असते. ती जंगलातही होती. त्यांनी शर्टाच्या कॉलरच्या आत पट्टी चिकटवली आणि पेन पुढे केलं. वाटाड्याने ठळक अक्षरांत नाव लिहिलं, पुन्हा एकदा गिरवलं. मी तेव्हा अध्यक्षकाकांशी, आपण पर्यटक म्हणून किती शोषक आहोत यावर वाद घालत होते. मी ती पट्टी वाचली नाही.

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, चुलीपाशी बसून त्याने मला एक काम सांगितलं. तळावर असे बरेच वाटाडे आहेत. बहुतेकांना हंगामापुरतं काम. हंगाम संपला की ते लाकूडतोडीच्या रस्त्यावर मजुरीला जातात, महिनोन्महिने घरापासून लांब, ज्या झाडांखाली वाढले तीच झाडं उचलायला. मोजके काही 'पहिले वाटाडे' असतात. त्यांना वर्षभर काम. वाट ते ठरवतात. पार्कचं ऑफिस पहिला वाटाड्या कसा निवडतं? पाहुण्यांच्या रिपोर्टांवरून. तीन वेगवेगळ्या गटांच्या रिपोर्टमध्ये नावानिशी उल्लेख हवा. 'आमचा गाइड फार छान होता' असं लिहिलेलं चालत नाही. छान गाइड तळावर सगळेच.

"तुमचे किती झाले?" मी विचारलं.

त्याने दोन बोटं दाखवली. मग म्हणाला, इतकी वर्षं झाली, इतके गट झाले, पण नाव लिहिणारे दोनच. हंगामाचा शेवटचा गट आम्ही. आमचा रिपोर्ट महिना संपायच्या आत पोचला तर यंदाच्या निवडीत, नाहीतर पुन्हा रस्त्यावर.

"लिहू," मी म्हणाले. "मी स्वतः लिहीन." छातीवर हात ठेवून म्हणाले. त्या घराण्यातलीच मी.

अब्बांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "यात विचारायचं काय? नजरेचा वाटा आहे तो." आणि त्यांनी वाटाड्याला आपल्या वाडीची गोष्ट सांगितली. मी वाक्यावाक्याला थांबवून फ्रेंच करत होते. किनाऱ्यावर रापणीचं जाळं टाकायच्या आधी एक माणूस वरच्या खडकावर बसतो. पाण्याचा रंग कुठे काळवंडतो, कावळे कुठे घिरट्या घालतात ते बघत राहतो. मासा दिसला की फडकं हलवतो, तेव्हाच होडी सुटते. मासळी वाटताना होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोर ओढणाऱ्यांचा वाटा असतो, पण आमच्या वाडीत सगळ्यांच्या आधी खडकावरच्याचा वाटा बाजूला काढत. त्याने दोराला हातही लावला नसला तरी. अब्बा दहा वर्षांचे असताना एक अख्खा हंगाम त्या खडकावर बसले होते. पहिल्यांदा त्यांचा वाटा बाजूला निघाला, तेव्हा बांगड्यांची ती टोपली डोक्यावर घेऊन ते मुद्दाम लांबच्या वाटेने घरी गेले. सगळ्यांनी बघावं म्हणून.

वाटाड्याने नीट ऐकलं. म्हणाला, "तुमच्या गावाला सांगा, आमच्या ऑफिसात एक माणूस पाठवा."

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला पाऊस थांबला. मचाणावर सगळे पेंगले होते. घाम प्यायला येणाऱ्या बारीक माश्या डोळ्यांत शिरत होत्या. अध्यक्षकाका कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून टॉवेलवर डोकं टाकून झोपले होते. अब्बा पावाला सुकटीची चटणी लावत होते, अर्धा वाटाड्यासाठी. त्याला ती आवडली होती. तो मात्र जेवत नव्हता. डोळे मिटून बसला होता. मग त्याने अब्बांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठ पुढे काढून डावीकडे दाखवलं. तिथे बोटाने दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात.

अब्बांनी बघितलं. मी बघितलं. काही नव्हतं. नुसत्या वेली. तो तसाच बसला. मग वेलींतून आधी कान आले, मोठे, सुपासारखे. मग वळलेली शिंगं. मग अख्खं जनावर: विटकरी लाल रंग, त्यावर कोणीतरी चुन्याने बोटं ओढावी तसे पांढरे पट्टे. बोंगो. ज्याच्यासाठी लोक चार-चार वेळा येतात आणि न बघता जातात.

"या अल्ला," अब्बा पुटपुटले, "ही गाय कोणी रंगवली?"

मी काकांना हलवलं. ते उठले, टॉवेलमध्ये अडकले, सुटले आणि त्यांनी बटण दाबलं तेव्हा बोंगो वळून चालू पडला होता. म्हणून फोटोत मागची बाजू. मी लगेच वही काढली आणि लिहिलं.

निघताना अब्बांनी जॅकेट वाटाड्याला देऊन टाकलं. चुलीच्या धुराने त्यातलं दुबई पूर्ण गेलं होतं. वाटाड्या म्हणाला, शर्ट तुम्ही ठेवा. होडी सुटताना तो काठावरून ओरडला, "यल्ला, अब्बा!" यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. हा शब्द त्याला कोणी शिकवला ते सांगायला नकोच.

आता परत त्या हॉलमध्ये या. सात वाजून एकवीस मिनिटं.

परतल्यावर मी माझी वही काकांना दिली होती. शीट तेच भरतात. रिपोर्ट तयार झाला होता आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, पार्कच्या ऑफिसला जाणार होता. महिना संपायला दोन दिवस. मी उभी राहिले.

"काका, ही स्लाइड चुकीची आहे."

"प्रश्न शेवटी, बेटा."

"प्रश्न नाही, दुरुस्ती आहे. बोंगो वाटाड्याने दाखवला. मी वहीत लिहून दिलं होतं."

"बस गो," अब्बा समोशाआडून म्हणाले. "तुला कोण मारतंय का?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. रागावले नाहीत. एच.आर.ची माणसं रागावत नाहीत, कागद काढतात. "तुझी वही आहे माझ्याकडे. वाचू?"

"वाचा! माइकवर वाचा!"

काकांनी माइकवर वाचलं. "चौथा दिवस, दुपारी अडीच. बोंगो. स्थानिक वाटाड्याने प्रथम पाहिला." मग सगळ्यांना वही दाखवली. "'स्थानिक वाटाड्या'खाली दोन रेघा आहेत, बरोबर. पण बेटा, यादीत 'स्थानिक वाटाड्या' नाही. सभासद करून घ्यायचं तर फॉर्मला इथलं ओळखपत्र, एमिरेट्स आयडी लागतो. बरं, यादी सोड. रिपोर्टमध्ये मी हाताने टाइप करतो. आत्ता, सगळ्यांसमोर. सांग त्याचं नाव."



मला त्याचं नाव येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने सांगितलं होतं. लांब होतं, मध्ये एक उच्चार मला जमेना, म्हटलं नंतर स्पेलिंग विचारू. मग सगळे शेफ म्हणत होते, मीही शेफ म्हणत राहिले. त्याने मला काम सांगितलं ते नाव लिहिण्याचं, आणि मी वचन दिलं, आणि नाव विचारलं नाही. पुण्यात शिकताना मी पत्रकं लिहिली आहेत, ढिगाने. 'कष्टकरी', 'वंचित', 'स्थानिक' असं आम्ही ठळक अक्षरांत छापायचो. शब्द तयार असला की माणसाला विचारावं लागत नाही. काकांच्या यादीत त्याला जागा नव्हती, आणि माझ्या वहीत तर अख्खं कोरं पान होतं. आता सांगा, जास्त दोष कोणाचा? मला उत्तर माहीत आहे, तुम्ही मोठ्याने सांगू नका.

मी काय करणार? अब्बांकडे वळले. "अब्बा, नजरेचा वाटा?"

एवढंच म्हटलं. त्यांनी समोसा ताटलीत ठेवला. सावकाश उभे राहिले. "टाळ्या वाजल्या," ते कोणालाच न बघता म्हणाले, "म्हणून उठलो. माणूस उठतो." मग कोट काढायला लागले. लोकांना वाटलं, आता हाणामारी. आत तोच खाकी शर्ट होता, पोटावर दोन बटणं उघडी. जंगलाचा कार्यक्रम म्हणून मुद्दाम घालून आले होते. त्यांनी कॉलर उलटी केली, मान वाकडी केली आणि मला म्हणाले, "वाच. माझा चष्मा गाडीत आहे."

मास्किंग टेपची पट्टी. घामाने कडा सुटलेल्या, पण अक्षरं दोनदा गिरवलेली. मी वाचलं. एकदा चुकले, पुन्हा वाचलं. काकांनी एकेक अक्षर टाइप केलं. पडद्यावर अब्बांचं नाव पुसलं गेलं आणि त्याचं आलं. टाळ्या पुन्हा पडल्या, आणि यावेळी अब्बांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. मग समोसा उचलला.

पण स्लाइड म्हणजे रिपोर्ट नव्हे. काका रिपोर्टकडे वळले, तर त्याची शीट लॉक होती आणि पासवर्ड आधीच्या सेक्रेटरींकडे, जे कॅनडाला स्थायिक झालेत आणि फोन उचलत नाहीत. काका घामाघूम. "यादीबाहेरचं नाव शीट घेतच नाही रे!"

"मग शीट राहू दे," अब्बा म्हणाले. "पत्र लिहा. शिक्का मारा."

ज्यांनी इथे दिवस काढलेत त्यांना कळेल. या देशात शिक्क्याशिवाय कागद म्हणजे रद्दी. आणि मंडळाला शिक्का नव्हता.

रविवारी सकाळी अकराच्या अकरा जण शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अब्बांच्या दुकानापुढे जमले. मी शाळेतल्या फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं होतं: कुठे, कधी, काय दिसलं, कोणी आधी पाहिलं. नाव तीन वेळा घातलं. एका टोयोटाच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनी सही केली आणि खाली स्वतःहून एक ओळ जोडली, की आमच्या मूळ शीटमधली नोंद चुकीची आहे. मग अब्बांनी दुकानाचा गोल शिक्का शाईच्या पॅडवर दाबला, फुंकर मारली, आणि ठप्प. इंग्रजीत आणि अरबीत: जुन्या व नव्या सुट्या भागांचे व्यापारी. मधोमध गिअरचं चित्र. "आता नाही म्हणून दाखवा," अब्बा म्हणाले. काकांनी स्कॅन करून पाठवलं, आम्ही बाजूच्या कॅफेटेरियात उभ्याने करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा प्यायलो.

काही आठवड्यांनी ऑफिसचं उत्तर आलं. पत्र फाइलला लागलं आहे. गिअरचं चिन्ह असलेली ही कोणती सरकारी संस्था, अशी आदराने विचारणा होती. काकांनी उत्तरात ती विचारणा सोयीस्करपणे वगळली. पुढे आणखी थोड्या दिवसांनी कोणाच्या तरी फोनवरून आवाजी निरोप आला. मागे पोपटांचा कलकलाट, आणि मग तो: त्याची निवड झाली आहे, आता वाट तो ठरवतो, जॅकेट अजून टिकून आहे. शेवटी, "यल्ला, अब्बा." आणि टक् टक्.

त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. विचारलं होतं त्याला. म्हणाला, लेखात नको, रजिस्टरमध्ये हवं होतं, ते झालं. ठीक. अब्बांनी तो शर्ट दुकानात काउंटरमागे टांगलाय, पट्टीसकट. गिऱ्हाईक विचारतं, हा कोणाचा? अब्बा पूर्ण नाव सांगतात, उच्चारासकट.

पण त्या तळावर बाकीचे आहेत. कोणाचा एक रिपोर्ट, कोणाचा शून्य, आणि खाली शेकडो वेळा लिहिलेलं 'आमचा छान गाइड'. तुमच्या फोनमध्येही आत्ता असा एखादा फोटो आहे, बिबट्याचा, घुबडाचा, कासवाच्या पिल्लांचा, जो दुसऱ्या कोणीतरी ओठ पुढे काढून दाखवला म्हणून तुम्हाला मिळाला. तो फोटो उघडा. दाखवणाऱ्याचं नाव आठवतंय का बघा. आठवत नसेल तर ज्याच्याकडून मिळेल त्याला आज फोन करा आणि विचारा. आणि पुढच्या वेळी कुठेही जाल, तेव्हा दुर्बीण काढायच्या आधी पेन काढा, पहिल्याच दिवशी नाव विचारा, त्यालाच लिहायला लावा, आणि तुमच्या रिपोर्टची पहिली ओळ त्या नावाने सुरू करा. शिक्का नसेल तर आमच्या दुकानात या.